बंदुकीच्या गोळीची पावडर (दारू) निवडायला शिकवणाऱ्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार,

फोनवर बोलले असते तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहून काढतेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण इथे टेक्ससमध्ये आपली बरीच मराठी मंडळी हल्ली रेंजवर यायला लागलीयत, त्यांनाही कळू दे तुम्ही माणसाला किती वेळ देता ते.

कोल्हापूरला शूटिंग शिकले तेव्हा .22 सोडून हातात काही आलंच नव्हतं. आपल्या राही सरनोबतने 2018 ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं तेही .22 वरच. .22 ही रिमफायर, म्हणजे तिला वेगळा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) नसतो, पेटवायचा मसाला केसच्या (पितळी नळकांडीच्या) कडेतच भरलेला असतो, त्यामुळे उडवली की केस टाकून द्यायची, पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. इथे नाइन एमएम घेतली, मॅचेस खेळायला लागले, गोळ्यांचा खर्च वाढत गेला आणि रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या केस घरी पुन्हा भरणं, करायचं ठरवलं. दुकानात गेले तर पावडरचे डबेच डबे, टाइटग्रुप, बुल्सआय, युनिक, एचपी-38, 231, पॉवर पिस्टल, सीएफई पिस्टल. काउंटरवरचा म्हणाला टाइटग्रुप घे, सगळ्यात कमी लागते, पैसे वाचतात. मी तुम्हाला विचारलं कुठली घेऊ, तर तुम्ही नाव सांगितलंच नाही, उलट मलाच विचारलंत की बुलेट (गोळीचा पुढे उडणारा भाग) किती ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप), गन कुठली, आणि गोळी कशासाठी हवीय.

या तीन प्रश्नांसाठी पहिलं थँक्यू. कारण त्यातूनच पुढचं सगळं सुटत गेलं. मॅचसाठी हवी म्हटल्यावर तुम्ही कागदावर हिशोब मांडलात, बुलेटचं वजन गुणिले वेग, भागिले 1000, यूएसपीएसएच्या (इथली प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना) मायनरला, म्हणजे कमी जोराच्या गोळ्यांच्या गटाला, 125 च्या खाली जायचं नाही. 147 ग्रेनची बुलेट 900 फूट प्रति सेकंदाने गेली की 132 येतात, झालं, त्याहून जास्त पळवायची गरजच नाही. मग मॅक्सिमम लोडच्या (जास्तीत जास्त पावडरीच्या) मागे लागायचं कारणच उरलं नाही. एका पाउंडात 7000 ग्रेन, आणि नाइन एमएमच्या एका गोळीला मोजकेच ग्रेन लागतात, म्हणजे एका डब्यात हजाराच्या वर गोळ्या होतात, कुठलीही पावडर घेतली तरी फरक गोळीमागे चिल्लरीचा. चिल्लरीसाठी पावडर निवडायची नाही हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

आणि ते संध्याकाळचं बेंचवरचं. तुम्ही .38 स्पेशलची (रिव्हॉल्वरच्या गोळीची) रिकामी केस घेतलीत, त्यात टाइटग्रुपचा एक चार्ज (एका गोळीपुरती पावडर) टाकलात आणि टॉर्च धरून म्हणालात बघ. तळाला जेमतेम थर. मग मुद्दाम दुसरा चार्ज टाकलात, तरी केस भरली नाही, वरून बघणाऱ्याला कळणारही नाही. तोच प्रकार युनिकचा करून दाखवलात, तिचे फ्लेक्स फुगीर, केस चांगलीच वर आली, डबल झालं असतं तर लगेच डोळ्यात आलं असतं. दोन्ही केस परत ओतून पावडर आपापल्या डब्यात, आणि बेंचवर एका वेळी एकच डबा. डबल चार्जने गन फुटते हे वाचलेलं होतं, पण ते टॉर्चखाली बघितलं तेव्हा खरं पटलं. युनिक मेझरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) नीट पडत नाही, कमीजास्त होते, हेही तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून शेवटी एचपी-38 वर आलो, ती मेझरमधून छान पडते आणि माझ्या बुलेटचा डेटा मॅन्युअलमध्ये होता. (एचपी-38 आणि 231 एकच पावडर आहे, एक मिळाली नाही तर दुसरी घ्या हे पण तुमच्याकडूनच कळलं, टंचाईत केवढं उपयोगी पडतं.)

किती ग्रेन घालते ते इथे लिहिणार नाही, कुणी विचारू पण नका. पावडर बनवणाऱ्याच्या डेटात बघा, स्टार्टिंग लोडपासून (त्यात दिलेल्या कमीत कमी पावडरीपासून) सुरू करा, आणि बुलेट, केस, प्रायमर यातलं काहीही बदललं तर परत खाली येऊन चढा. नाइन एमएमचं मॅक्सिमम प्रेशर 35,000 पीएसआय आहे, .45 चं 21,000, नाइनची केस एवढीशी, त्यात बुलेट जरा आत बसली तरी जागा कमी होऊन प्रेशर झपकन वाढतं. म्हणून तुम्ही क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) झाल्यावर गोळी बेंचवर अंगठ्याने दाबून बघायला लावायचात, बुलेट हलायला नको. आणि बॅरल काढून गोळी त्यात सोडायची, टक्कन आवाज आला पाहिजे, बोटाने फिरली पाहिजे, उलटी केली की आपोआप बाहेर पडली पाहिजे. नाइन एमएमची गोळी बॅरलमध्ये केसच्या तोंडावर टेकते त्यामुळे क्रिंप फक्त बुलेट बसवायला फुलवलेलं तोंड सरळ करण्यापुरताच, प्लेटेड (पातळ मुलामा दिलेल्या) बुलेटवर जास्त आवळलं तर वरचा पत्रा फाटतो.

प्रायमरचं पण तसंच. सीसीआयचा कप कडक, फेडरलचा मऊ, हलकी स्प्रिंग टाकलेल्या रिव्हॉल्वरला फेडरल बरा. .45 च्या ब्रासमध्ये (रिकाम्या केसमध्ये) लार्ज आणि स्मॉल दोन्ही प्रायमरच्या केस येतात, निवडून वेगळ्या करा. मिलिटरी ब्रासचा प्रायमर क्रिंप केलेला असतो, म्हणजे खळग्याची कड त्यावर दाबलेली असते, ती कड मोकळी केल्याशिवाय नवीन प्रायमर बसवायला जाऊ नका.

तुम्ही रिटायर्ड माणूस, आरामात बसायचं सोडून माझ्यासोबत गॅरेजमध्ये उभे राहिलात, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत, एकदाही "मी म्हणतो म्हणून कर" म्हणाला नाहीत. काम झाल्यावर हात थंड पाण्याने साबण लावून धुतल्याशिवाय काकूंनी चहा दिला नाही, शिशाची भीती त्यांना तुमच्याहून जास्त, त्यांचेही आभार.

आता .38 चं काम काढायचंय, रोल क्रिंप (केसची कड आत वळवून बुलेट धरणं) मला अजून जमवायचाय. रविवारी मोकळे असाल तर येते, डाय (रीलोडिंगचे साचे) आणि ब्रास मी आणते, पावडर तुमच्यासमोर ठरवू.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी