पूर ओसरला, धडधड राहिली

मा. संपादक, स. न. वि. वि.

ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठची चिकोडी-निपाणी भागातली कितीतरी घरं पाण्यात गेली. पंचनामे झाले ते भिंतींचे. आमच्या गल्लीतल्या काकू मात्र अजूनही जुलै लागला की कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन झोपतात. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्यांना दरदरून घाम फुटतो. घरचे म्हणतात, 'उगीच मनाला लावून घेतलंय.'

हे उगीच नसतं. धोका हेरणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग जबर धक्क्यानंतर अतिसावध राहू शकतो. मग नुसत्या आवाजानंही अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, नाडी पळते, साखर चढते. जीव वाचवायचा असतो तेव्हा हे कामाचंच. पण कर्ज, पडकं घर, पुन्हा पाणी येईल ही धास्ती असा ताण वर्षानुवर्षं राहिला की झोप उडते, रक्तदाब वाढतो, विसराळूपणा येतो. दवाखान्यात बीपीची गोळी मिळते, झोपेचं कुणी विचारत नाही. (बाहेरचं बघणाऱ्यांचं फावतं, ते वेगळंच!)

समुपदेशनानं, गरज पडल्यास औषधानं फरक पडतो. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, पण हजेरी बुडवून तिथवर जाणार कोण? 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी तो पावसाळ्याआधी कन्नडबरोबर मराठीतही ठळक लावावा आणि आशाताईंनी पूरग्रस्त घरांत झोपेचीही चौकशी करावी, एवढी मागणी आहे.

– एक वाचक, ता. चिकोडी, जि. बेळगाव