बुद्धिबळाला परदेशी जाणाऱ्या पोरांसोबत सामाईक सोबतीण का नको?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिव्या देशमुखने जुलै 2025 मधे जॉर्जिया देशातल्या ज्या बातुमी शहरात बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला त्याच बातुमीत सप्टेंबर 2022 ला माझी मुलगी वर्ल्ड कॅडेट या लहान मुलांच्या जागतिक स्पर्धेत दहा वर्षांखालील गटात खेळली. तिच्यासोबत मी गेले होते, शाळेतून दोन आठवडे बिनपगारी रजा काढून, आणि माझा एकटीचा खर्च पावणेदोन लाख. आयोजक प्रत्येक गटात देशाच्या एकाच खेळाडूचं राहणं-जेवण बघतात, बाकीच्या पोरांनी आणि सगळ्या पालकांनी आपापलं बघायचं.

आणि तिथं जाऊन आम्ही पालक करतो काय तर राऊंड सुरू झाला की हॉलच्या बाहेर, मग चार-चार तास लॉबीत बसून दाराकडे बघत राहायचं. सात-आठ आया रोज तेच करत होतो. त्यातल्या दोघी सगळ्या पोरांना सांभाळू शकल्या असत्या, हे तेव्हाच डोक्यात आलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. आमच्या ओळखीतली एक मुलगी त्याच स्पर्धेला पात्र होती पण गेली नाही. वडलांचं टेलरिंगचं दुकान, आईच्या कडेवर तान्हं बाळ, सोबत जाणार कोण? बुद्धिबळपटू प्रज्ञानंदसोबत स्पर्धांना जाणाऱ्या त्याच्या आईचं आपण कौतुक करतो, गुकेशसाठी त्याच्या वडलांनी डॉक्टरकी थांबवली ते अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे, पण प्रत्येक घराला हे कसं जमावं?

कोच असतात ना, असं लोक म्हणतात. असतात, पण संध्याकाळी पुढच्या राऊंडची पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागली की ते एकेका पोराची तयारी घेत रात्रीपर्यंत बसतात, त्यांनी ताप बघायचा की डावाच्या सुरुवातीच्या चाली? विमान कंपनीची लहान मुलांना एकटं नेण्याची सोय पण विमानतळावरच संपते.

बातुमीत एक मुलगा वडलांच्या मित्रासोबत आला होता, त्याला रात्री ताप भरला. औषध होतं पण न विचारता द्यायची त्या माणसाची हिंमत होईना आणि घरी फोन लागेना, कारण तिथे बारा म्हणजे इथे दीड वाजलेला. शेवटी आम्ही तिघी-चौघींनी मिळून काय ते केलं. म्हणून म्हणते, नुसतं ओळखीच्या माणसाच्या हाती पोर सोपवून भागत नाही, सगळं लेखी पाहिजे. आईवडील दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतीपत्र (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला लागतंच), कुठलं औषध चालतं कुठल्याची ॲलर्जी आहे, इन्शुरन्सचे कागद, पासपोर्ट कुणाजवळ राहणार आणि रोज घरी व्हिडिओ कॉल किती वाजता.

माझी मागणी राज्य बुद्धिबळ संघटनेकडे आहे. निवड यादी लागली की लगेच ज्यांना हवंय त्या पालकांना बोलावून चार-पाच पोरांचा एक गट करावा, त्यावर एक मोठं माणूस, मुली असतील तर बाईच, पोलीस व्हेरिफिकेशन झालेली. एकट्याने पोराला बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, दुसरं मोठं माणूस पाहिजेच, हा नियम पण आधीच ठरवावा. पाच घरांत वाटला तर माझा तो पावणेदोन लाखाचा खर्च प्रत्येकी पस्तीस हजारांवर येतो, टेलरिंगवाल्या घरालाही काहीतरी विचार करता येतो.

माणसं मिळणार नाहीत असं मला वाटत नाही. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या नावाजलेल्या बुद्धिबळपटू आमच्या सांगलीच्या, इथे घरटी नाही पण गल्लीला एक तरी बुद्धिबळ जाणणारी बाई सापडेल. रिटायर्ड शिक्षिका आहेत, पूर्वी खेळलेल्या आहेत. खेळ कळणारी असली तर फार बरं, कारण जिंकत आलेला डाव घालवून पोर बाहेर येतं तेव्हा त्याला लगेच "काय झालं गं" विचारायचं नसतं, पाणी द्यायचं, जेवायला न्यायचं आणि ते आपणहून बोलेपर्यंत थांबायचं. माझी मुलगी सातव्या राऊंडनंतर दोन तास बोलली नव्हती आणि मग आईस्क्रीम खाता खाता सगळा डाव सांगितला. मी नसते तर ती कुणाजवळ बसली असती?

संघटनेने पुढच्या निवडीपासून एका गटावर तरी हे करून बघावं. पहिल्या खेपेला सोबत जायला मी तयार आहे, व्हेरिफिकेशनसाठी लागणारी कागदपत्रं काढून ठेवलीयेत.

एक पालक, सांगली