माझ्या रागाला नावं न ठेवणाऱ्या बाईंना

ती. बाईंस,
साष्टांग नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घालू नकोस असं बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. नारायण पेठेतल्या तुमच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी आपण जे वाचतो, त्याचा उपयोग काय, असं मला बरेच जण विचारतात. कविता आणि नीतिशास्त्र म्हणजे रिकामपणचा उद्योग, असा त्यांचा समज असतो. त्यांना माझ्यापुरतं उत्तर द्यायचं आहे, आणि ते तुमचे आभार मानल्याशिवाय देता येत नाही.

मी तुमच्याकडे यायला लागले तेव्हा बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वाडा पुनर्विकासाला द्यायचं ठरलं आणि दादाने मला हक्कसोडपत्र पाठवलं. स्वतः आला नाही, बिल्डरच्या ऑफिसमधला मुलगा कागद घेऊन आला. सही कुठे कुठे करायची, तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. वाट्याचं मला एवढं नव्हतं, पण त्या फुल्या डोक्यातून जाईनात. मी सही केली नाही आणि भांडलेही नाही. बोलणंच टाकलं. आईला भेटायला जायचे तीसुद्धा दादा कामावर गेल्याची खात्री करून.

समजावणारे खूप होते. मावशी म्हणाली, भाऊच आहे ना, सोडून दे. मैत्रीण म्हणाली, हा राग नाहीच, बाबा गेल्याचं दुःख आहे. दोघीही मायेने बोलत होत्या, आणि दोघींच्या बोलण्याने मी आणखी एकटी पडत होते. एकीला माझा राग नको होता, दुसरीला तो खराच वाटत नव्हता.

तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. नाट्यशास्त्र काढलंत आणि भरतमुनींनी सांगितलेले ८ स्थायी भाव, म्हणजे मनात टिकून राहणारे मूळ भाव, वाचायला लावलेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. "शोक वेगळा मांडलाय, क्रोध वेगळा. एकाचा करुण रस होतो, दुसऱ्याचा रौद्र. रौद्रातून पुढे करुण निघतो असंही भरत म्हणतात, पण ते पुढचं. तू आत्ता क्रोधापाशी आहेस ना? मग तिथेच थांबून तो नीट बघू." माझा राग कुणीतरी पहिल्यांदाच राग म्हणून समोर ठेवला. नंतर ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांची यादी वाचताना गर्व, असूया, दैन्य, चिंता अशी ओळखीची मंडळी एकेक करून भेटत गेली, तेव्हा मला संकोच वाटला नाही. नाटकातल्या पात्राच्या मनात हे सगळं येतं-जातं, तर माझ्या मनात का येऊ नये?

मग ॲरिस्टॉटल. त्याच्या 'निकोमाखियन एथिक्स'च्या चौथ्या भागातलं रागावरचं प्रकरण तुम्ही सावकाश, एकेक वाक्य मराठीत सांगत वाचलंत. जिथे रागवायला हवं तिथे जो रागावत नाही तो मूर्ख ठरतो, आणि स्वतःचा किंवा आपल्या माणसांचा अपमान मुकाट गिळणं हे गुलामाचं लक्षण आहे, असं तो म्हणतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला माणूस माझी बाजू घेतोय असं वाटून मला केवढा धीर आला! पण तो तिथे थांबत नाही. राग योग्य कारणासाठी हवा, योग्य माणसावर हवा, योग्य रीतीने, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच काळ हवा. तुम्ही मला फुलस्केप वहीत याचे रकाने पाडायला लावलेत. 'कारण' लगेच भरलं. 'माणूस' मध्ये 'दादा' लिहिलं, तर तुम्ही विचारलंत, "फुल्या दादाने मारल्या होत्या का?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. 'किती काळ' हा रकाना कोराच राहिला.

त्याच प्रकरणात पुढे तो रागीट माणसांचे प्रकार सांगतो. चटकन पेटणारे असतात, पण ते तितक्याच चटकन शांतही होतात. कडवट माणसांचं तसं नसतं. ती राग आत दाबून ठेवतात. राग वरून दिसत नाही, म्हणून कुणी समजूत घालायला जात नाही, आणि एकट्याने तो पचवायचा म्हणजे फार वेळ लागतो. अशी माणसं स्वतःला आणि सगळ्यात जवळच्यांना जाच होऊन बसतात. हा परिच्छेद वाचताना तुम्ही थांबला नाहीत की माझ्याकडे पाहिलंही नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढच्या गुरुवारी तुम्ही ताटीचे अभंग घेतलेत. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांना विनवलं, ही गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. मी मात्र चिडले. जग रागाने आग झालं तर संतांनी पाणी व्हावं, शब्दांची शस्त्रं झाली तरी तो उपदेश मानावा, म्हणजे मावशीचंच 'सोडून दे' ना? तुम्ही म्हणालात, "काय सांगते ते नंतर बघ. आधी कोण, कुणाला आणि कुठे उभी राहून सांगते ते बघ."

तेव्हा दिसायला लागलं. बोलणारी सगळ्यांत धाकटी आहे, ऐकणारा मोठा भाऊ आहे, मधे ताटी आहे. अपमान झालाच नाही, असं ती कुठेही म्हणत नाही. शब्दांना ती शस्त्रंच म्हणते. आणि ती दारातून हलत नाही, प्रत्येक अभंगाच्या शेवटी तेच मागते, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. तत्त्वज्ञ एखादी गोष्ट एकदा सिद्ध करतो आणि पुढे जातो. दुखावलेल्या माणसाला एकदा सांगून ऐकू येत नाही. ध्रुवपद कशासाठी असतं, हे मला शाळेत मराठीच्या तासाला कळलं नव्हतं, ते तुमच्या खोलीत कळलं. ॲरिस्टॉटलने ज्याची समजूत घालायला कुणी जात नाही असा माणूस दाखवला होता, मुक्ताबाई त्याच माणसाच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. आणि आपल्याकडे तर, बाई, आत बसलेली बहीण होती.

मी दादाकडे गेले. कशाचा राग आला ते क्रमाने सांगितलं, आवाज न चढवता, पण काही वगळलं नाही. फुल्या त्याने मारल्या नव्हत्या. कागद त्यानेच पाठवला होता, आणि ते त्याने कबूल केलं. प्रकरण आता दोन वकिलांकडे आहे आणि मी अजून सही केलेली नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

वहिनीबद्दल माझं मन तेव्हाही साफ नव्हतं. त्यासाठी तुम्ही तत्त्वज्ञ आयरिस मर्डोकच्या १९७०च्या 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' या पुस्तकातली सासू-सून काढलीत. सासूचं वागणं पहिल्यापासून चोख असतं, मनात मात्र सून तिला गावंढळ आणि पोरकट वाटत असते. मग ती स्वतःलाच बजावते, पुन्हा एकदा नीट बघ. हळूहळू तीच सून तिला साधी, मोकळी, उत्साही दिसू लागते. बाहेर काहीही बदललेलं नसतं, तरी मर्डोक म्हणते की सासूने खरोखर काहीतरी केलं आहे. मर्डोक कादंबरीकारही होती, म्हणूनच तिला हे उदाहरण सुचलं असावं, असं मला वाटतं. वहिनीच्या बाबतीत माझं ते बघणं अजून चालू आहे.

एक मुद्दा मात्र मला अजून पटलेला नाही. मुक्ताबाई जे सांगते ते संताला सांगते. ज्याला संत व्हायचं नाही, फक्त भावाशी नीट वागायचं आहे आणि आपला हक्कही सोडायचा नाही, त्याने पाणी किती व्हायचं? तुम्ही म्हणता, तेही रकान्यात बसतं. मला वाटतं, बसत नाही, आणि मुक्ताबाईलाही ते चाललं नसतं. सतराव्या शतकातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाच्या 'एथिक्स'मधल्या भावनांवरच्या तिसऱ्या भागाच्या झेरॉक्स सगळ्यांपुरत्या काढून ठेवल्यात. येत्या गुरुवारी आधी हा वाद घालू, मग त्या वाटू.

तुमची विद्यार्थिनी