पाठशाळेतल्या पोरांच्या दहावीबद्दल जरा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पावसाळ्यात आम्ही घरचे सगळे येडूरला वीरभद्राच्या दर्शनाला निघालेलो, पण कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेलेला, पोलिसांनी गाड्या परत फिरवल्या, मग आडवाटेनं येताना एका गावात चहाला थांबलो तर मागच्या जुन्या वाड्यातनं पोरांचा एकसुरात म्हणायचा आवाज येत होता. मला भजन वाटलं. चहावाले मामा म्हणाले भजन नव्हे ताई, वेदपाठशाळा आहे, जावा की आत, कोण काय म्हणत नाही.

गुरुजींनी कुठनं आलात, जेवलात का एवढं विचारलं आणि संथा, म्हणजे गुरूच्या मागं म्हणून वेद पाठ करायचा धडा, पुढं चालू ठेवली. ओसरीवर दहा-बारा वर्षांची पोरं मांडी घालून बसलेली, गुरुजी एकदा म्हणणार, पोरं दोनदा, समोर पुस्तक नाही वही नाही. सगळ्यात लहान पोराच्या डोक्यावर गुरुजींचा हात, स्वर खाली गेला की डोकं खाली, वर गेला की वर, म्हणजे अनुदात्त-स्वरित, खालचा आणि वरचा स्वर, आधी मानेला कळतं आणि मग कानाला. मोठ्या पोराला आमच्यासाठी ऋग्वेदातली पहिलीच ऋचा म्हणायला लावली, अग्निमीळे पुरोहितं, आधी सरळ, मग पदं सुटी करून, मग क्रम म्हणजे पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा शब्दांच्या जोड्या, मग जटा, अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा. घन तर त्याच्याही पुढं, त्यात तीन-तीन शब्द उलटसुलट फिरतात. एवढ्या बाजूंनी पाठ असलं की एक अक्षर किंवा स्वर हलला तरी तिथल्या तिथं सापडतो, ऋग्वेदाची १०२८ सूक्तं तोंडोतोंडी टिकली ती यामुळंच. युनेस्कोनं २००३ साली वेदपठणाच्या या परंपरेला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा मान दिला, आणि ती आपल्या चिक्कोडी भागात रोज चालू आहे हे शेजारच्या गावाला पण ठाऊक नाही, याचं फार वाईट वाटलं.

गुरुजी घरी कन्नड बोलणारे, पोरं काही अथणी-जमखंडीकडची, काही मिरजेकडची, एका पंक्तीत जेवतात. सीमाभागात भाषा म्हटलं की आपल्याला बोर्ड, परिपत्रकं, कोर्टाची तारीख आठवते, आणि ते आठवायलाच पाहिजे, मराठी शाळांचे हाल मी रोज बघते. पण हे पण आपलंच आहे, याच्याकडं कोण बघणार?

त्या दिवशी एका पोराचे वडील भेटायला आलेले. म्हणाले ताई पोरगं हुशार आहे, पाठांतर चांगलं आहे, पण पाहुणे विचारतात दहावीचं काय, उद्या कॉलेजला कागद कुठला दाखवणार, म्हणून वर्ष संपलं की काढून शाळेत घालायलोय. मला हेच टोचलं, कारण वाट नाही असं नाही. उज्जैनचं महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान केंद्राच्या शिक्षण खात्याखाली १९८७ पासून आहे, त्यांची वेदभूषण परीक्षा दहावीच्या आणि वेदविभूषण बारावीच्या बरोबरीची धरतात, त्यात वेदाबरोबर गणित, विज्ञान, इंग्रजी पण असतं. नाहीतर एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालयातनं दहावी देता येते. पण हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि गावच्या वर्गणीवर चालणाऱ्या पाठशाळेत अर्ज, मान्यता, कागदपत्रं बघायला माणूस कुठला?

आणि पुढं फक्त भिक्षुकीच असंही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, विनोबाही तिथं शिकून गेलेत. फक्त माझं स्पष्ट मत आहे की पाठांतराबरोबर अर्थ पण शिकवावा, आणि मुलींना पण बसू द्यावं. माझ्या मुलीनं विचारलं मी येऊ का, तर गुरुजी म्हणाले अमरकोश (संस्कृत शब्दकोश) आणि रूपावली (शब्दांची रूपं) शिकायला ये, संथेबद्दल काही बोलले नाहीत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं बायकांना पौरोहित्य शिकवलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, मग आपल्याकडं का नको?

संपादक साहेब, तुमचा पेपर निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूरच्या खेड्यापाड्यांत जातो. ॲडमिशनच्या दिवसांत आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग सगळ्याची माहिती येते, त्यात पाव पान पाठशाळांना द्या. कुठल्या गावात आहेत, कितव्या वर्षी घेतात, जेवणाराहण्याची सोय काय, कुठली परीक्षा देतात, आणि ते सर्टिफिकेट आपल्याकडची कॉलेजं घेतात का हे कॉलेजवाल्यांनाच विचारून छापा. मे महिन्यात छापलंत तर बरं, कारण पोरगं पाठशाळेत ठेवायचं का काढायचं हे घरात तेव्हाच ठरतं.

आपली,
एक वाचक, निपाणी