झोपेतली ती भीती म्हणजे बाहेरची बाधा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लातुरात नीट आणि जेईईच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलामुलींचे गुण, त्यांचे शुल्क आणि त्यांच्यावरचा ताण यांविषयी वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येते. त्यांच्या झोपेविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मी येथे बरीच वर्षे मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहते. दिवाळीनंतर सराव परीक्षांचा मारा सुरू झाला की दर वर्षी एखाददुसरी मुलगी दबकत माझ्या खोलीत येते आणि जवळपास त्याच शब्दांत सांगते, की पहाटे जाग आली, डोळे उघडे होते, खोली दिसत होती, पण हातपाय हलेनात, हाक मारावी तर आवाज फुटेना, आणि छातीवर कोणीतरी बसले होते. यातल्या एकीने रात्रभर ट्यूबलाइट चालू ठेवण्याचा हट्ट धरला होता. आईने गावाहून पाठवलेल्या अंगाऱ्याची पुडी तिने उशीच्या अभ्र्यात जपून ठेवली होती.

वैद्यकशास्त्रात याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ज्या झोपेत ठळक स्वप्ने पडतात, त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातून खरोखरच उठून धावला असता. डोळे फिरवणारे स्नायू आणि श्वासपटल यांना यातून सूट असते. कधीकधी मनाला आधी जाग येते आणि स्नायूंवरचा हा लगाम सुटायला काही सेकंद, क्वचित काही मिनिटे लागतात. श्वासपटलामुळे श्वास चालूच राहतो, परंतु बरगड्यांमधले स्नायू ढिले असल्यामुळे मनात आणूनही दीर्घ श्वास घेता येत नाही, आणि तेच ओझे होऊन छातीवर बसते. स्वप्न पुरते विरलेले नसल्याने दाराशी उभी सावली, पावलांचा आवाज, कधी आपणच छताजवळ तरंगत असल्याचा भास, यांची त्यात भर पडते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत 7.6 टक्के, तर विद्यार्थ्यांत 28.3 टक्के आढळले. रात्री दीड-दोनपर्यंत जागायचे, पहाटे पाचला उठायचे आणि दुपारी क्लासवरून येऊन उताणे पडून तासभर डोळा लावायचा, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांना हे अधिक होते यात नवल ते काय? अपुरी झोप, अवेळी झोप आणि उताणे झोपणे या तिन्हींमुळे त्याची शक्यता वाढते.

याहून अवघड असते ती दिवसाची तक्रार, कारण ती सांगायलाच मुली धजत नाहीत. "काकू, वहीवर लिहिणारा हात माझाच आहे हे मला कळतं, पण तो माझा वाटत नाही," असे एक मुलगी मला म्हणाली. वर्गात बसलेल्या स्वतःकडे ती जणू लांबून पाहत असे आणि आजूबाजूचे सगळे तिला नाटकातल्या नेपथ्यासारखे भासत असे. रात्री पांघरुणाखाली मोबाइलवर शोधून तिने डिसोसिएशन हा शब्द गाठला होता आणि आता आपले डोके फिरणार, अशी तिची खात्री झाली होती. प्रत्यक्षात स्वतःपासून तुटल्याची ही भावना जागरण, अतिश्रम आणि घबराट यांच्यापाठोपाठ धडधाकट माणसांनाही येते. मास्ट्रिख्ट विद्यापीठातील संशोधकांनी 2007 साली निरोगी स्वयंसेवकांना एक रात्र जागे ठेवले, तेव्हा त्यांच्यातही अशी लक्षणे वाढलेली दिसली. शिवाय, "तसे वाटते, पण तसे नाही" हे भान ज्या मुलीला शाबूत आहे, तिचा वास्तवाशी संबंध सुटलेला नसतो. मी ठीक आहे ना, हे दिवसातून पन्नास वेळा तपासत राहिल्याने भीती वाढते आणि भीतीबरोबर ती भावनाही.

घरच्यांची काळजी खरी असते, याविषयी मला शंका नाही. पण ती काळजी देवऋषाच्या दारात जाऊन थांबते, तिथे मुलीचे हाल सुरू होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते, हे पालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

त्याच वेळी, झोपेचेच आहे म्हणून सगळे झटकून टाकणेही मला मान्य नाही. काही तास कुठे गेले ते आठवत नसेल, दिवसाढवळ्या आवाज ऐकू येत असतील, हसता हसता गुडघे लुळे पडत असतील, झोपेत जीभ चावली जात असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये. काही मुलींच्या बाबतीत असे तुटलेपण लहानपणी झालेल्या अत्याचाराच्या आठवणींशी जोडलेले असते. तिथे "लवकर झोपत जा" हा सल्ला क्रूर ठरतो आणि शांतपणे ऐकून घेणारा मानसोपचारतज्ज्ञच लागतो.

माझी मागणी मोठी नाही. क्लासचालकांनी पहाटे पाचच्या तुकड्या बंद कराव्यात आणि वसतिगृहांनी रात्री अकरानंतर अभ्यासिका उघड्या ठेवू नयेत. थकवा किंवा डोकेदुखी सांगत आलेल्या विद्यार्थ्याला डॉक्टरांनी टॉनिक लिहून देण्याआधी "किती तास झोपतोस?" आणि "झोपेत किंवा दिवसा काही विचित्र वाटते का?" हे दोन प्रश्न विचारावेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याविषयीची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर, खानावळीच्या वेळापत्रकाशेजारी, ठळक अक्षरांत लावला जावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने सराव परीक्षा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आधीच, वसतिगृहांना भेट द्यावी.

आपली विश्वासू,
एक वसतिगृह अधीक्षिका, लातूर