डिस्चार्जनंतर फोन कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आत्महत्येच्या बातम्या पेपरात रोजच येतात पण जे वाचले त्यांचं पुढे काय झालं हे कधी छापून येत नाही, म्हणून लिहितेय. मी सरकारी नोकरीत सिस्टर होते, आता रिटायर आहे. असे पेशंट वॉर्डात कायम असायचे. जीव वाचवायला सगळे धावतात त्यात खोटं नाही, डॉक्टर रात्र रात्र जागतात, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद होते, पोलीस जबाब घेऊन जातात आणि पेशंट हिंडायला-फिरायला लागला की डिस्चार्ज. कार्डावर गोळ्या आणि पुढची तारीख. मानसोपचाराचे डॉक्टर बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे मजुरी बुडवून वर एसटीचं तिकीट काढून जायचं, तेही सोबत कुणीतरी घेऊन. नाही गेला तर का नाही आलास विचारायला कोणीच नसतं. आणि घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडेच जास्त धोक्याचे, कारण माणूस परत जातो तो त्याच कर्जात, त्याच भांडणात, त्याच दारूत, वर गावभर चर्चा झालेली असते ती वेगळीच.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 115 आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि परत तशी वेळ येऊ नये म्हणून त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. शिक्षा नको हे लोकांपर्यंत थोडंफार पोचलं, पण कर्तव्याचं काय?

बरं, हे फार खर्चाचं आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला होता, त्यात आपलं चेन्नई पण होतं, 2008 साली निकाल छापून आले. घरी सोडायच्या आधी पेशंटशी तासभर नीट बोलायचं आणि मग दीड वर्षात ठरलेल्या वेळी नऊ वेळा फोन किंवा घरी भेट, बस. ज्यांना नेहमीसारखं नुसतं घरी सोडलं त्यांच्यातले 2.2 टक्के लोक दीड वर्षात आत्महत्येने गेले, ज्यांची अशी विचारपूस झाली त्यांच्यात 0.2 टक्के. आणि हे काम नर्स, सायकॉलॉजिस्ट अशाच लोकांनी केलेलं.

आपल्याकडे तर याची सवयही आहे. बाळंतीण घरी आली की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जातेच ना, फॉर्म भरते, बाळ बघते. तसंच वेळापत्रक इथे का नको? विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणातली माणसं शोधायचं काम केलेलंच आहे. फक्त एक अडचण मला दिसते, आशाताई त्याच गावची, कधी कधी भावकीतलीच, तिला सगळं सांगायला माणूस धजावत नाही (आणि तिच्यावर आधीच किती कामं लादलीयत ते वेगळं, मानधन मात्र वेळेवर नाही). म्हणून डिस्चार्जच्या वेळी पेशंटलाच विचारावं की फोन चालेल का घरी आलेलं चालेल, कोण आलेलं चालेल. त्याने नको म्हटलं तर तेही ऐकावं, पण विचारावं तरी.

टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चांगला आहे, फुकट आहे, 24 तास चालतो, पेपरने तो रोज छापावा. पण तिथे फोन आपण करायचा असतो. ज्याला उठून अंघोळ करायचंही जड जातंय तो कुठून करणार, त्याला कुणीतरी आपणहून करायला पाहिजे.

नातेवाइकांनाही एक सांगते. भेटायला जाता तेव्हा "पोरांचा तरी विचार करायचा होता" हे नका म्हणू, तो माणूस आधीच शरमेने अर्धा झालेला असतो. झोप लागते का, जेवतोस का, परत तसे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात येतात ही भीती खोटी आहे. ओपीडीच्या दिवशी सोबत जा, गोळ्या काही दिवस तुमच्याकडे ठेवा, सोसायटीच्या कर्जाचे कागद असतील तर ते घेऊन बँकेत तुम्ही जा, यातलं एक केलं तरी खूप झालं.

आमच्या ओळखीत माझ्यासारख्या रिटायर सिस्टर बऱ्याच आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आम्हाला दोन-चार दिवसांचं ट्रेनिंग दिलं, अडलं तर विचारायला एक डॉक्टर नेमून दिला, तर आठवड्यातून काही फोन करायला आम्ही बिनपगारी तयार आहोत. संबंधित अधिकाऱ्यांनी हे वाचलं तर तुमच्यामार्फत कळवावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, यवतमाळ जिल्हा