तीन ठिपके, तीन रेघा

भुसावळ

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. उत्तर लिहायचे राहिले, त्याचा राग भेटीत काढ. आज लिहिण्याचे कारण धाकटा आहे.

जहाजावर गेल्यापासून तो दर फोनला 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगतो. परवा त्याच्या सोबत्याच्या आईकडून कळले की तो ताप अंगावर काढत राहिला आणि शेवटी इतरांनीच कप्तानाला सांगितले. तापीच्या पुराशिवाय पाणी न पाहिलेल्या घरातला मुलगा समुद्रावर आहे, याची मला तेवढी धास्ती नाही. तो हाक मारणार नाही, याची आहे. संकटात लाल बटण दाबून धरले की जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवली जाते, हे त्यानेच मला समजावले. पण दाबणारा हा!

म्हणून अण्णा आठवले. तार ऑफिसातून आले की ते आपल्याकडून ओट्यावर तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके, म्हणजे तारेच्या भाषेतली 'एसओएस' ही संकटाची हाक, वाजवून घेत, आणि तेही मध्ये न थांबता, सलग. तू 'सेव्ह अवर सोल्स' म्हणून आणि मी 'शिप' म्हणून भांडलो, तेव्हा त्यांनीच सांगितले की ती अक्षरे कशाचीही आद्याक्षरे नाहीत; जर्मनीने १९०५ मध्ये ती खूण घेतली, १९०६ च्या बर्लिन परिषदेने ती सर्वांसाठी ठरवली, आणि अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले. (अबोला तू तरीही सोडला नाहीस.)

मला मात्र खुणेपेक्षा ऐकणाऱ्यांचे नवल वाटते. १९१२ मध्ये टायटॅनिकने जुनी 'सीक्यूडी' आणि नवी 'एसओएस' अशा दोन्ही हाका दिल्या, पण जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकुलता रेडिओ ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला होता. पुढे नियम झाला की दर तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटे पाचशे किलोहर्ट्झवर सर्व जहाजांनी गप्प राहायचे आणि एखादी क्षीण हाक येते का, ते ऐकायचे. रेडिओच्या खोलीतील घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असे. आमच्या घरात फोन आला की सगळे एकदम बोलतात, हे तुला ठाऊकच आहे.

नाशिकला कावीळ लपवणारा तू. लपवणाऱ्याचे मन तुलाच कळेल. त्याला फोन कर, मी सुचवले असे सांगू नकोस, आणि तो 'ठीक आहे' म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न विचारू नकोस.

वहिनींचे डोळ्यांचे ऑपरेशन नीट झाले ना? घराचे काम संपले का? भरताची वांगी पुढच्या आठवड्यात येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझा,
बाळू